दाद कोणाकडे मागायची? मजालिमपासून लोकसेवा हक्कापर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण महसुलाचा विषय घेतला होता, म्हणजे राज्य रयतेकडून काय घेतं ते पाहिलं. आज दुसरी बाजू पाहू. राज्य रयतेला काही देणं लागतं. ते देण्यासाठी राज्य माणसं नेमतं: अंमलदार, कारकून, अधिकारी. हा नेमलेला माणूसच चुकला, त्याने अडवलं, लुबाडलं, तर रयतेने जायचं कुठे? प्रश्न साधा आहे आणि फार जुना आहे.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. आपण कोर्टात ‘दाद’ मागतो. दाद हा फारसी शब्द, अर्थ न्याय. आपण ‘फिर्याद’ करतो. हाही फारसीच, मूळ अर्थ हाक, आक्रोश. ‘जुलूम’ अरबी, आणि औषधाला आपण ‘जालीम’ म्हणतो तोही त्याच घरातला. सगळ्यात गमतीचा शब्द ‘तक्रार’. अरबीत तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा सांगणं. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी चार खेपा घातलेल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हे शब्द आपल्याकडे काव्यातून आले नाहीत, कारभारातून आले. बहमनी काळापासून पुढची काही शतकं महाराष्ट्राचा राज्यकारभार फारसी दफ्तरातून चालला. शब्द आले तसा त्यांच्यामागचा विचारही आला. तो विचार काय होता, त्यातलं काय टिकलं आणि कुठे कमी पडलं, एवढंच आज पाहायचं आहे. इस्लामी परंपरेने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं असं आम्हाला म्हणायचं नाही. आधुनिक युरोप येईपर्यंत सगळा अंधारच होता, असंही म्हणायचं नाही. दोन्ही गोष्टी सोप्या आहेत आणि दोन्ही चूक आहेत.

अमानत आणि भेटवस्तू

इस्लामी परंपरेत सरकारी पदाकडे पाहण्याचा मूळ शब्द आहे ‘अमानत’. विश्वासाने सोपवलेली ठेव. ठेव ज्याची त्याला परत करायची असते, ती आपली नसते. हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग येतो. पैगंबरांनी इब्नुल लुत्बिय्या नावाच्या माणसाला जकात गोळा करायला पाठवलं होतं. तो परत आला आणि म्हणाला, एवढं तुमचं, आणि हे मला भेट म्हणून मिळालं. पैगंबर मिंबरावर चढले आणि सर्वांसमोर त्यांनी विचारलं त्याचा आशय असा, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या का?

आता बघा, हा प्रश्न किती नेमका आहे. भेट माणसाला मिळाली की खुर्चीला? आजचे सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम भेटवस्तूंवर मर्यादा घालतात, त्यामागे हाच प्रश्न आहे. पुढे दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, म्हणजे 634 ते 644 या दहा वर्षांत, सुभेदाराची नेमणूक करताना त्याच्या मालमत्तेची नोंद घेत, अशा हकिगती इतिहासग्रंथांत आहेत. सुभेदाराविरुद्ध तक्रार आली की मुहम्मद इब्न मस्लमा या विश्वासू सहकाऱ्याला चौकशीसाठी पाठवत, असंही त्यात येतं. मुद्दा लक्षात घ्या. चौकशी करणारा माणूस ज्याची चौकशी करायची त्याच्या हाताखालचा नसे.

मजालिम: अंमलदारांवरची कचेरी

राज्य पसरलं तसं एका विश्वासू माणसावर भागेना. काझी होते, पण काझीची रीत अशी की वादी यावा, प्रतिवादी यावा, पुरावा यावा, मग निवाडा. प्रतिवादी गावचा शेजारी असेल तर हे चालतं. तो प्रांताचा सुभेदार असेल तर? वादी येणारच नाही. आला आणि जिंकला, तरी निवाडा अमलात कोण आणणार?

या अडचणीतून ‘मजालिम’ ही व्यवस्था आली. शब्द जुलूमच्याच धातूचा आहे. अब्बासी खिलाफतीत ती चांगली रुजली. तिची सर्वांत पद्धतशीर मांडणी अल-मावर्दी या बगदादच्या कायदेपंडिताने केली. त्याचा मृत्यू 1058 चा. त्याच्या ‘अल-अहकाम अस-सुल्तानिय्या’ या ग्रंथात मजालिमवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात या कचेरीने पाहायच्या दहा प्रकारच्या बाबी दिल्या आहेत.

पहिली बाब, सुभेदारांनी रयतेवर केलेला अन्याय. दुसरी, करवसुली करणाऱ्यांनी जास्त उकळलेली रक्कम. तिसरी, दफ्तरातल्या कारकुनांनी नोंदीत केलेली लबाडी. या तिन्ही बाबतीत मावर्दी स्पष्ट म्हणतो, की तक्रारदार येण्याची वाट पाहायची गरज नाही. कचेरीने आपणहून तपासायचं. आज ज्याला आपण स्वतःहून दखल घेणं म्हणतो, ते हेच. आणि का, तेही उघड आहे. नोंदीत खाडाखोड झाली हे ज्याचं नुकसान झालं त्याला कळतच नाही.

चौथी बाब तर ऐकण्यासारखी आहे. पगारदारांची तक्रार, की पगार कमी मिळाला किंवा उशिरा मिळाला. म्हणजे जुलूम फक्त रयतेवर होतो असं मावर्दी मानत नाही. सरकारच्या नोकरावरही होतो. आणि ज्या शिपायाला पगार मिळत नाही तो शेवटी कोणाच्या घरात शिरतो, हे सांगायला नको. पुढे सातवी बाब येते: काझीने दिलेला पण समोरचा माणूस बलदंड असल्याने अमलात न आलेला निवाडा अमलात आणणं.

मावर्दी हे लिहीत होता तेव्हाच्या बगदादची हालत पाहा. खलिफा बराचसा नावापुरता उरला होता आणि खरी सत्ता लष्करी सरदारांच्या हाती होती. तेव्हा हे पुस्तक म्हणजे चालू कारभाराचं वर्णन कमी आणि कारभार कसा असायला हवा याचा आराखडा जास्त, असं समजून वाचलेलं बरं. तरीही आराखड्याला किंमत असते. कशाला अन्याय म्हणायचं याची यादी कोणीतरी आधी करून ठेवावी लागते.

लाल कपडे आणि सोन्याची साखळी

मावर्दीनंतर थोड्याच वर्षांनी सेल्जुक सुलतानांचा वजीर निजामुल्मुल्क याने ‘सियासतनामा’ लिहिला. राजाने आठवड्यातून दोन दिवस स्वतः बसून फिर्यादी ऐकाव्यात, मध्ये कोणी नको, असा त्याचा आग्रह आहे. त्यासाठी तो एका जुन्या राजाची गोष्ट सांगतो. राजाला ऐकू कमी येई. फिर्यादीचं म्हणणं मधली माणसं आपल्याला खरं सांगतील याची त्याला खात्री नव्हती. म्हणून त्याने हुकूम काढला की फिर्यादीने लाल कपडे घालावेत, इतर कोणी घालू नयेत. लाल कपडा दिसला की राजा त्याला जवळ बोलावून घेई.

गोष्ट खरी-खोटी असो, रोग नेमका सांगितला आहे. फिर्यादी आणि न्याय देणारा यांच्या मध्ये जो उभा असतो, बहुतेक वेळा फिर्याद त्याच्याचविरुद्ध असते.

दिल्लीच्या इल्तुत्मिशबद्दल इब्न बतूता असंच काही लिहितो. फिर्यादींनी रंगीत कपडे घालावेत, आणि रात्रीच्या फिर्यादींसाठी महालाच्या दारावर घंटा. जहांगिराने 1605 मध्ये गादीवर आल्यावर पहिला हुकूम दिला तो न्यायाच्या साखळीचा. सोन्याची, 30 गज लांब, 60 घंटा लावलेली. आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनेच्या काठावरच्या दगडी खांबापर्यंत.

सुंदर कल्पना आहे. पण हिशेब करू या. 1601 मध्ये खानदेश मुघलांकडे आला होता. तापीकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला आमिलाने नाडलं, तर त्याने ही साखळी ओढायला आग्र्याला जायचं? बैलगाडीने? पेरणी सोडून? साखळी सोन्याची होती, पण 30 गजच होती.

चार दारं आणि एक लहर

आता मुहम्मद तुघलक. 1327 च्या सुमारास दौलताबादला राजधानी नेणारा, म्हणजे आपल्या मातीशी संबंध आलेला सुलतान. इब्न बतूता 1334 मध्ये दिल्लीत आला आणि पुढे तिथे काझी झाला, त्यामुळे त्याने हे जवळून पाहिलं होतं. तो सांगतो की सुलतान सोमवारी आणि गुरुवारी फिर्यादी ऐकायला बसे. चार दारांवर चार मोठे अमीर अर्ज घ्यायला बसवलेले असत. पहिल्याने अर्ज घेतला तर ठीक, नाही तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, मग चौथ्याकडे. तिथेही नाही तर मुख्य काझीकडे, आणि तिथेही नाही तर थेट सुलतानाकडे. अर्ज नेऊनही अमुक अमीराने घेतला नाही हे सिद्ध झालं, तर त्या अमीराला सुलतान फैलावर घेई.

चौदाव्या शतकातली ही अपिलांची उतरंड आहे. आणि त्यातला कळीचा भाग पाहा. अर्ज नाकारणं हाच गुन्हा.

हाच इब्न बतूता आणखी एक प्रसंग सांगतो. एका सरदाराच्या मुलाने फिर्याद केली की सुलतानाने मला विनाकारण मारलं. काझीने मुलाच्या बाजूने निवाडा दिला. सुलतानाने स्वतः त्याच्या हातात काठी दिली आणि त्याच्याकडून 21 फटके खाल्ले. एका फटक्याने डोक्यावरची टोपीही उडाली. आणि याच पुस्तकात, याच सुलतानाच्या महालाच्या दारात देहदंड दिलेल्या माणसाचं प्रेत दिसलं नाही असा दिवस क्वचितच जाई, असंही लिहिलं आहे.

मंडळी, इथे थोडं थांबू. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच दाराबद्दल लिहिल्या आहेत. सुलतानाचा न्याय हे ढोंग होतं असं म्हणून हे सुटत नाही. न्याय खरा होता, पण तो त्याच्या मर्जीचा होता. मजालिमचं दुखणं इथे आहे. अंमलदारापेक्षा वरचढ कोणीतरी हवा, हे त्या परंपरेने अचूक ओळखलं. पण त्या वरचढावर कोण, याचं उत्तर तिने परलोकावर आणि राज्यकर्त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं. ज्याला ईश्वराची भीती होती त्याच्या राज्यात ते चाललं.

गावचा महजर

दख्खनमध्ये आणखी एक रीत होती. निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मराठेशाहीतही वतनाचे तंटे मजालशीत बसून सुटत. काझी, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे हजर. निकालाचा जो कागद होई तो ‘महजर’. हजर, हजेरी आणि महजर, शब्द एकाच मुळाचे. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढत. पाटलाचा नांगर असे.

इथे अंतराचा प्रश्न सुटला होता. न्याय गावात, आपल्या भाषेत, चार माणसांच्या डोळ्यांसमोर. पण महजराचा जोर वतनाच्या भांडणात. सरकारी हवालदारानेच लुबाडलं तर गावच्या मजालशीचा त्याच्यावर काय अंमल? साखळीत ताकद होती पण ती दूर होती. महजर जवळ होता पण त्याचे हात वरपर्यंत पोचत नव्हते.

सालारजंग: आधी पगार, मग सचोटी

1853 साली हैदराबाद संस्थानात मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, दिवाण झाले. वय 24. त्याच वर्षी कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेला होता. सैन्याचा पगार थकलेला. वसुलीचे मक्ते तालुकदारांकडे. तालुकदार सरकारला आगाऊ रक्कम देई आणि मग रयतेकडून जमेल तेवढी काढून घेई. अशा व्यवस्थेत तालुकदाराला प्रामाणिक राहा म्हणून उपदेश करण्यात अर्थ नव्हता. लुबाडणूक हाच त्याचा पगार होता.

सालारजंगांनी मुळावर हात घातला. मक्ते मोडत आणले आणि पगारी अधिकारी नेमले. 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्य ठरावीक जिल्ह्यांत आणि तालुक्यांत बांधलं. जिल्ह्याच्या प्रमुखाला ‘अव्वल तालुकदार’ हेच जुनं नाव राहिलं, पण आता तो मक्तेदार नव्हता, नोकर होता. मराठवाड्याच्या जुन्या कागदांत हे पदनाम सर्रास भेटतं. मावर्दीची चौथी बाब आठवते ना? नोकराचा पगार हाही न्यायाचाच प्रश्न. चौथे खलिफा अली यांनी इजिप्तच्या सुभेदाराला लिहिलेलं म्हणून जे प्रसिद्ध पत्र आहे, त्यातही हाच क्रम सांगितला आहे. माणूस पारखून नेमा, वशिल्याने नको. त्याला पुरेसं द्या, म्हणजे हाताखालच्या ठेवीवर त्याची नजर जाणार नाही. आणि मग त्याच्यावर लक्ष ठेवा. इंग्रजी नमुना आणि ही जुनी शिकवण सालारजंगांच्या कारभारात एकमेकांना धरून चालताना दिसतात.

पण एक गोष्ट राहिली. संस्थानातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. दफ्तर फारसीत, आणि 1880 च्या दशकात उर्दूत. औरंगाबाद-परभणीकडच्या शेतकऱ्याला आपली फिर्याद लिहायला अर्जनवीस लागे. त्याने काय लिहिलं ते शेतकऱ्याला वाचता येत नसे. बहिऱ्या राजाची गोष्टच पुन्हा, फक्त इथे बहिरी होती ती कचेरी.

राजाचा माणूस की लोकांचा?

आता जरा लांब जाऊ. 1709 मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून हरलेला स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स ऑटोमन तुर्कांच्या आश्रयाला गेला. आजच्या मोल्दोव्हातल्या बेंडर इथे तो काही वर्षं होता. 1713 मध्ये तुर्की मुलखातूनच त्याने फर्मान काढलं, की स्वीडनमधले अधिकारी कायदा पाळतात की नाही हे पाहायला एक सर्वोच्च ओम्बुड्समन नेमावा. सुलतानाच्या दिवाणात रयतेचे अर्ज ऐकले जाताना पाहून त्याला हे सुचलं असं काही अभ्यासक मानतात. इतरांना हा धागा फार बारीक वाटतो. आम्हाला त्या वादापेक्षा पुढची पायरी महत्त्वाची वाटते.

1809 मध्ये स्वीडनमध्ये राजा पदच्युत झाला, नवी राज्यघटना आली आणि तिने दुसरा ओम्बुड्समन निर्माण केला. हा राजाने नेमायचा नव्हता, संसदेने नेमायचा होता. फरक एका ओळीचा आहे, पण तुघलकाच्या दारात जे अडलं होतं ते इथे सुटलं. ऐकणारा आता ज्याच्याविरुद्ध ऐकायचं त्याच्या मर्जीवर राहिला नाही.

पुढे ही कल्पना डेन्मार्क, न्यूझीलंड, ब्रिटन अशी फिरत भारतात आली. 1966 मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल आणि लोकायुक्तांची शिफारस केली. महाराष्ट्राने 1971 मध्येच लोकायुक्तांचा कायदा केला. केंद्राचा लोकपाल कायदा यायला 2013 उजाडलं. आपण लवकर जागे झालो, हे खरं. पण 1971 च्या कायद्यातल्या लोकायुक्ताचं मुख्य हत्यार शिफारस हे होतं. शिफारस मानली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल, आणि तो विधिमंडळापुढे. मावर्दीची सातवी बाब, निवाडा अमलात आणण्याची ताकद, ती इथे सापडत नाही.

2015 चा कायदा आणि आपण

2015 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली. पदनिर्देशित अधिकाऱ्याचं नाव ठरलेलं. अर्जाची पोच द्यायची, नाकारला तर कारण लेखी द्यायचं. पहिलं अपील, दुसरं अपील, आणि तिसरं थेट आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड.

चार दारं आठवली ना? मोठा फरक असा की तिथे दाराशी सुलतान होता, इथे कायदा आहे. सुलतान उठून गेला की दार बंद होई. कायदा उठून जात नाही.

पण काळजी वाटावी अशी एक गोष्ट आहे. पहिली दोन अपिलं त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जातात. आणि या कायद्याच्या बाहेर साधी तक्रार केली तर बहुतेकांना कोणतं उत्तर येतं? ‘आपला अर्ज संबंधित अधिकाऱ्याकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे.’ संबंधित अधिकारी म्हणजे कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच. उमर मुहम्मद इब्न मस्लमाला का पाठवत असत, याचा आपल्याला जवळजवळ चौदाशे वर्षांनी विसर पडलेला असतो.

दुसरं, मावर्दीच्या पहिल्या तीन बाबी. तक्रारीशिवाय तपासणी. आपली बरीचशी यंत्रणा अजून तक्रारदाराच्या चिकाटीवर चालते. ज्याला वेळ आहे, लिहिता येतं, संगणकावर अर्ज भरता येतो, तो तिसऱ्या अपिलापर्यंत जातो. दाखल्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई पहिल्या खिडकीवरूनच परत जाते, आणि तिची तक्रार कुठेच नोंदली जात नाही. नोंद नाही म्हणजे तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे कारभार उत्तम, असं मानलं जातं. कागदावर सुधारणा दिसण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

म्हणून कुठलीही नवी योजना, नवं पोर्टल, नवी मदतवाहिनी जाहीर झाली की आपण तीन प्रश्न विचारू या. ऐकणारा कोणाच्या हाताखाली आहे? त्याच्या निकालाला हात आहेत की नुसती जीभ? आणि जो तक्रार करू शकत नाही, त्याच्यासाठी कोण आपणहून तपासतं? पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आधुनिक काळाने दिलं. तिसरा प्रश्न हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये विचारला गेला होता. दोन्ही उत्तरं आपल्याकडे आहेत, एकत्र आणायची बाकी आहेत.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी अर्जनवीस आणि दफ्तराची भाषा हाच विषय जरा सविस्तर घेऊ.